आधी वास, मग आवाज

हवालदार भुंकला नाही, इथपासून सगळं सुरू झालं. भुंकायला हवं होतं त्याने. आमचा हवालदार म्हणजे म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेला कुत्रा, पण समोरच्या गच्चीवर मांजराची नुसती शेपटी वळवळली तरी गॅलरीच्या गजांतून निम्मं अंग बाहेर काढून अख्खी इमारत डोक्यावर घेणारा. त्या दिवशी नव्याने आणलेल्या मांजरीच्या पिल्लांच्या खोलीतलं तपकिरी लोकरीचं फडकं मी चिमटीत धरून आणलं आणि त्याच्या नाकापुढे टाकलं. म्हटलं, आता हा बोंबलणार. त्याने ते हुंगलं, शेपटी फरशीवर आपटली, हनुवटी फडक्यावर टेकवली आणि लांबलचक सुस्कारा सोडून डोळे मिटले. झालं. मी खाऊचा तुकडा हातात घेऊन उकिडवी बसलेली तशीच राहिले. तो भुंकला, तर वेळच्या वेळी गप्प करून बक्षीस द्यायचं, असं ठरलं होतं. आता बक्षीस कशाचं द्यायचं? मागून नवरा म्हणाला, "बघ, किती शहाणा आहे." दुसरा कुत्रा, ढब्बू, वयाने लहान आणि आकाराने बैल, तोही आला, त्याने फडक्याचं एक टोक चाटलं आणि हवालदाराला टेकून पसरला. कोणाच्या चेहऱ्यावर काही नाही. मला मात्र ते खटकलं, आणि का ते कळेना.

जनावरांच्या डॉक्टरणीने आम्हाला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. घाई केली की घात. पिल्लं आणल्या आणल्या कुत्र्यांसमोर टाकायची नाहीत. एका खोलीत दार लावून ठेवायची. त्यांचं अंथरूण, त्यांचं पाणी, त्यांचा वाळूचा ट्रे, सगळं आत. आधी वास जाऊ द्यायचा: त्यांचं फडकं इकडे, कुत्र्यांची चादर तिकडे. मग आवाज: दाराच्या अलीकडे कुत्र्यांचं ताट, पलीकडे पिल्लांचं. मग जाळीतून नुसतं बघू द्यायचं, आणि शेवटी अंगाला अंग, तेही पट्टा हातात धरून, आधी कुत्र्यांना दमवून आणून. नाक, कान, डोळे, अंग. मला हा क्रम फार आवडला होता. माझ्या घरात कुठलीही गोष्ट अशी क्रमाने होत नाही. ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो माझा नवरा अचानक या कामात असा काही हुशार झाला, की डॉक्टरीण बोलायच्या आधीच मान हलवत होता. पिल्लं त्यानेच आणली होती. "ऑफिसातल्या एकाच्या मांजरीला झालीत, कोणी घेईना," म्हणाला. मी म्हटलं, "दोन कुत्रे पोसतोय ते पुरे नाहीत का? आता वाघ-सिंह आण." त्यावर लेकीने डोळ्यांत पाणी आणलं. सातवीतली घोडी, पण पाणी अजून पाळण्यातल्यासारखं आणते. मग मी हो म्हटलं. एक पिल्लू मान डावीकडे कलती ठेवून बघतं, दुसरं उजवीकडे, म्हणून त्यांना डावी आणि उजवी म्हणायला लागले. दिवसभर मी तेच म्हणत असते लोकांना, डावा कान, उजवा कान. मला दुसरं सुचणार काय, डोंबल.

मी कान तपासते. इस्पितळाच्या तळमजल्यावर जाड भिंतींची एक लहान खोली आहे, तिला एक काच आहे. काचेपलीकडे माणूस बसतं, त्याच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेअलीकडे मी. आवाज ऐकू आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा, नसला तर दाबू नका, एवढंच सांगायचं. पण माणसं साधं ऐकतील तर ना. ऐकू येत असून न दाबणारी असतात, त्यांना कुठला तरी दाखला हवा असतो. ऐकू येत नसून दाबणारी त्याहून जास्त. एक आजोबा सुनेला घेऊन आले होते. कानात यंत्र घालावं लागेल या भीतीने ठेक्यात बटण दाबत राहिले, टक, टक, टक, मी आवाज पार बंद केला तरी आपले दाबतायत, आणि काचेतून माझ्याकडे बघून हसतायत. खोटं मला आवाजातून कळत नाही, ते वेळेतून कळतं. खऱ्या माणसाचं बटण आवाजानंतर जरासं थांबून येतं. ऐकायचं, ऐकलं का ते स्वतःला विचारायचं, मग दाबायचं. खोटं बोलणाऱ्याला विचारायचं नसतं, म्हणून त्याचं आधी येतं. त्या दिवशी मी नवऱ्याला विचारलं, "हा भुंकला कसा नाही रे?" तर माझा 'रे' पुरा व्हायच्या आत तो म्हणाला, "वय झालं त्याचं." मघाशी शहाणा होता, आता वय झालं.

आणि मग मन धावतं तिथेच धावलं. बाई. दुसरं काय येणार मनात! संध्याकाळी कुत्र्यांना फिरवायला हा जातो तो गेल्या उन्हाळ्यापासून उशिरा येतो. पूर्वी चौकात जाऊन परत यायचा, तेही मी दहादा म्हटल्यावर. आता लेकही बरोबर जाते, म्हणजे बाईची शंका तशी लंगडी. पोरीला घेऊन कोण जातं असल्या ठिकाणी? पण कुत्रे परत आले की ताटाला तोंड लावत नाहीत, हे मी पाहिलं होतं आणि उन्हाळ्यावर ढकललं होतं. आता फडक्याने सगळं नव्याने मांडलं. हवालदाराला हा वास नवा नव्हता. कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी मांजरीच्या शेजारी, तो रोज हनुवटी टेकवून पडत असणार. माझं स्वतःचं नाक जन्माचं चोंदलेलं. दूध उतू जाऊन करपलं तरी मला शेजारीण येऊन सांगते. वासाच्या बाबतीत या घरात मी सर्वांत अडाणी. म्हणून मी त्याचे शर्ट हुंगले नाहीत, हुंगून उपयोग काय! मी नुसती कामावर जात राहिले, लोकांच्या कानांत बारीक बारीक शिट्ट्या वाजवत राहिले, आणि घरी येऊन माझ्याच माणसांकडे काचेतून बघितल्यासारखं बघत राहिले. हातात पुरावा काय, तर एक न भुंकलेला कुत्रा. कोणाला सांगितलं असतं तर माझेच कान तपासायला नेलं असतं.

वासानंतर आवाजाची पाळी आली. लेकीच्या खोलीच्या बंद दाराशी दोन ताटं, आत दोन बश्या. आतून डावी-उजवीचं चिरक्या आवाजात म्याव, बाहेरून ढब्बूचं कुईकुई. ढब्बूला आत जायचं होतं. रागाने नव्हे, पाहुणे आल्यावर आपल्याला बाहेर का ठेवलं, असा त्याचा एकूण सूर. तो पंज्याने दार खरवडायला लागला की नवरा खाली बसायचा, कान धरून त्याचं डोकं आपल्याकडे वळवायचा आणि हलक्या आवाजात म्हणायचा, "शूऽ, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. उद्या बोल." लेक खुदकन हसायची. मीही हसले पहिल्यांदा. उद्या बोल काय, कुत्रा काय बोलणार आहे! पण हसता हसता काहीतरी टोचलं. नव्या कपड्याच्या कॉलरच्या आतल्या चिठ्ठीचं टोक मानेला टोचतं ना, काढायला हात नेला की सापडत नाही, तसं. मी भांडी आवरत होते. नळ बंद केला आणि पुन्हा ऐकायला म्हणून थांबले, पण तो उठून गेला होता. त्या रात्रीच्या भाजीत मीठ जास्त पडलं आणि कोणी काही बोललं नाही. आमच्या घरात मला कोणी काही बोलत नाही. मला जपतात.

जपणं हा शब्द मी ताईच्या तोंडून शेवटचा ऐकला होता. माझी सख्खी, एकुलती एक बहीण. लेक पोटात होती तेव्हा मला सारखं रक्त जायचं; डॉक्टरांनी सांगितलं, अंथरुणातून उठायचं नाही, दगदग नाही, धक्का नाही. आई तेव्हा ताईकडे होती, दुसऱ्या गावी. मी पडल्या पडल्या रोज फोन करायची. छताकडे बघायचं आणि आईशी बोलायचं, एवढाच दिवसाला अर्थ. आई आधी बोलायची, मग थकल्यासारखी बोलायची, मग ताईच फोन घ्यायला लागली. "आई कशी आहे?" "बरी आहे." "दे ना तिला." "शूऽ, आत्ताच डोळा लागलाय तिचा. उद्या बोल." मी उद्या फोन करायची. उद्याही डोळा लागलेला. मला राग यायचा आईचा, लाडका राग, की म्हातारी माझ्याच वेळेला बरी झोपते. लेक झाली, मी घरी आले, अंगात बळ आलं, आणि मग मला सांगितलं. आई केव्हाच गेली होती. मी फोन करत होते त्यातले कितीतरी दिवस ती नव्हतीच. रिकाम्या खाटेला डोळा लागलेला होता. मी ताईला विचारलं, "कोणी ठरवलं हे?" ती म्हणाली, "मी. तुला जपायचं होतं." मी विचारलं, "आणि हा? याला माहीत होतं?" नवरा माझ्या शेजारी बसला होता, तान्ही लेक त्याच्या मांडीवर. ताई म्हणाली, "नाही. त्यांनाही मी नंतरच कळवलं." मी ताईला दाराबाहेर काढलं. तुझं तोंड बघणार नाही म्हटलं आणि बघितलं नाही. नवऱ्याने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, "ताईंनी असं करायला नको होतं." किती बरं वाटलं होतं मला! वाटलं, एक तरी माणूस माझ्या बाजूचं आहे. मी त्या एका वाक्यावर एवढी वर्षं संसार केला, असं म्हटलं तरी चालेल.

रविवारी सकाळी जाळीची आणि अंगाची भेट एकदमच ठेवली. नवरा म्हणाला, सगळं इतकं छान चाललंय. लेक रांगायची तेव्हा जिन्याला लावायला आणलेली लाकडी जाळी माळ्यावरून काढली, पुसली, तिच्या खोलीच्या चौकटीत बसवली. पिल्लांना चढून बसायला कपाटावर जागा मोकळी केली. कुत्र्यांना दमवून आणलं. मी हवालदाराचा पट्टा हाताला दोन वेढे देऊन धरला, नवऱ्याने ढब्बूचा. डॉक्टरणीने सांगितलेली लक्षणं माझ्या डोक्यात घोकून तयार: अंग ताठ होतंय का, नजर एकटक लागतेय का, पिल्लू पाठ फुगवून फिस्कारतंय का. लेकीने जाळी सरकवली. डावी शेपटी वर करून सरळ चालत आली. थांबली नाही, बिचकली नाही, फिस्कारली नाही. ढब्बूच्या पुढच्या पायांमधून शिरली, त्याच्या हनुवटीला डोकं घासलं आणि पुढे येऊन हवालदाराच्या पोटाशी रोजच्या जागी बसावं तशी बसली. हवालदाराने तिचं डोकं चाटलं. मी पट्टा धरून उभी, हाताला वळ उठलेला. मी म्हटलं, "हे काय! घाबरतच नाहीत ती!" आणि लेक आनंदाच्या भरात म्हणाली, "अगं, घाबरतील कशाला, हवालदाराच्या अंगावरच तर झोपायची ती, मावशीकडे..."

मावशी. तिला मावशी एकच. लेकीने तोंडावर हात ठेवला. नवऱ्याने ढब्बूकडे बघितलं, जणू तोच बोलला. मी विचारलं, "कोणाकडे?" खोलीत फक्त उजवीचं घशातलं घुरघुर चालू होतं, मोठं आणि सुखाचं. "आई, सरप्राइज होतं गं," लेक म्हणाली आणि या खेपेचं पाणी खरं होतं. मग नवऱ्याने सांगितलं, तुकड्या-तुकड्याने. ताई गेल्या उन्हाळ्यात याच शहरात राहायला आली. औषधाच्या दुकानात भेटली. एकटी असते. तो जायला लागला, मग पोरीला नेलं, मग कुत्र्यांनाही. "तुला एकदम सांगितलं असतं तर तू उसळली असतीस. म्हटलं, हळूहळू..." हळूहळू! मी दाराशी पडलेल्या फडक्याकडे बघितलं. तपकिरी लोकर, काठाला दोन उलटं दोन सुलटं असं विणलेला घट्ट पट्टा. ते फडकं नव्हतंच. ती बाही होती. आईच्या स्वेटरची बाही, मनगटाकडून. रोज मी ती चिमटीत धरून या खोलीतून त्या खोलीत नेत होते, धुवायची नाही, वास जाईल, असं लेकीला बजावत होते. आणि मग एकेक सुचायला लागलं. महिन्यापूर्वी लेकीने 'मैत्रिणीच्या आईने दिली' म्हणून पांघरायला आणलेली शाल. मी न्हाणीघरातून बाहेर येताना आतल्या खोलीत फोनवरचा कोणाचा तरी हसरा आवाज आणि घाईने मिटलेला फोन. अडगळीत टाकलेला आम्हा दोघी बहिणींचा लहानपणचा फोटो, तो 'साफसफाईत सापडला' म्हणून पुस्तकांच्या फळीवर आला होता. आधी वास. मग आवाज. मग नुसतं बघू द्यायचं. मी विचारलं, "आणि अंगाला अंग कधी होतं? पुढच्या रविवारी?" नवरा खाली बघत म्हणाला, "हो." मला दमवून आणणार होतात का आधी? पट्टा कोण धरणार होतं? या घरात नव्याने आलेल्यांची ओळख कुत्र्यांना करून देताहेत असं मी समजत होते. कुत्र्यांना सगळं ठाऊक होतं. पिल्लांना ठाऊक होतं. दाराबाहेर मी एकटी होते.

तरीसुद्धा मी कदाचित रडले असते, आरडाओरडा केला असता आणि संध्याकाळपर्यंत मऊ पडले असते. खोटं कशाला बोलू, ताई एकटी असते हे ऐकून माझ्या आत काहीतरी हललं होतं. पण भांडणाच्या आवाजाने डावी बिचकून कपाटावर गेली, उजवी तिच्यामागे, लेकीने जाळी ओढली आणि ढब्बू जाळीला नाक लावून कुईकुई करायला लागला. नवरा अगदी सवयीने खाली बसला. त्याचं डोकं धरलं आणि म्हणाला, "शूऽ, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. उद्या बोल." पिल्लं कपाटावर टक्क जागी होती. आणि मला चिठ्ठीचं टोक सापडलं. आमच्या माहेरी कोणाचा कधी डोळा लागला नाही. आमच्याकडे माणसं निजायची. आई म्हणायची, निजा आता. ताई मला थोपटताना म्हणायची, नीज गं ठमे. पाहुणा आला तरी 'बाबा निजलेत'. ताईच्या तोंडात तो एकच शब्द होता. 'डोळा लागलाय' हे या घरातलं, याच्या आईचं, याचं. आणि ते 'शूऽ'! फोनवरच्या माणसाला कोणी शूऽ करतं का? मी तेव्हा छताकडे बघत ते रोज ऐकत होते, हे कान घेऊन ऐकत होते, आणि मला ऐकू आलं नव्हतं. ताई पाठ केलेलं म्हणत होती. जसं शिकवलं तसं, शूऽसकट.

"तू शिकवलं होतंस तिला," मी म्हटलं. तो काय ते समजला. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मनात थांबले, काचेअलीकडे थांबते तशी. त्याचं बटण उशिरा आलं. फार उशिरा. ऐकलं, स्वतःला विचारलं, मग दाबलं. "डॉक्टर म्हणाले होते धक्का नको," तो म्हणाला. "ताई सांगायचं म्हणत होत्या. मी पाया पडलो त्यांच्या. म्हटलं, पोर जाईल, बायकोही जाईल." आणि तो मधे ऑफिसच्या कामाला म्हणून गेला होता, डोळे सुजवून आला होता, प्रवासात धूळ गेली म्हणाला होता? "हो. खांदा द्यायला गेलो होतो." माझ्या आईला याने खांदा दिला आणि येऊन मला उशा सारख्या करून दिल्या. ते सुद्धा मी समजून घेईन कदाचित, पुढेमागे, म्हातारपणी. पण ताई 'मी ठरवलं' म्हणाली तेव्हा हा माझ्या शेजारी बसला होता. पाठीवरून हात फिरवत होता. "'ताईंनी असं करायला नको होतं', हे तू म्हणालास," मी म्हटलं, "जीभ कशी रेटली रे तुझी?" तो म्हणाला, "तू तेव्हा फार कमजोर होतीस. आणि मग ते राहूनच गेलं." राहून गेलं! दळण आणायचं राहतं. "आणि आता काय, मी ताईला माफ करणार, तू टाळ्या वाजवणार, आणि विषय मिटणार? तुझ्या केलेल्यासाठी मी तिला माफ करणार होते?" त्याने हात पुढे केला. मी मागे सरकले. माझ्या अंगाला त्याचा हात नको होता, हे मी लग्नानंतर पहिल्यांदा अनुभवलं. लेक जाळीच्या आत उभी होती, दोन्ही हातांनी जाळी धरून, लहान होती तेव्हा धरायची तशी. "तुझ्यावर राग नाही," मी तिला म्हटलं, आणि तेही पुरतं खरं नव्हतं.

पट्टा अजून माझ्या हाताला गुंडाळलेलाच होता. ताईचा पत्ता मी विचारला नाही. जीव गेला असता तरी विचारला नसता. मी बाही उचलून पिशवीत टाकली, चपला घातल्या आणि हवालदाराला म्हटलं, "चल. रोज जातोस तिथे चल." नवरा म्हणाला, "थांब, मी येतो." मी म्हटलं, "तू बस." ते ऐकून ढब्बू बसला. दुसऱ्या कुठल्या दिवशी आम्ही सगळे हसलो असतो. हवालदार जिना उतरला, फाटकाशी उजवीकडे वळला आणि म्हातारपण विसरून ओढायला लागला. मला त्याचाही राग येत होता. माझ्या हातचं खाऊन, माझ्या पायांशी झोपून, हासुद्धा त्यांच्यातला. बिचारा काय करणार, त्याला नेलं तिथे तो गेला, पण राग काही विचार करून येत नाही. औषधाचं दुकान, तिथे तो जरा थांबला, म्हणजे इथे थांबायची सवय होती. लॉन्ड्री. शाळेच्या मागची भिंत. एका बाकाशी एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, "काय हवालदार, आज मालक कुठे?" म्हणजे रस्त्याला पण माहीत. मी आयुष्यात या रस्त्याने गेले नव्हते, आणि माझ्या घरातली चारी माणसं, त्यात दोन कुत्री धरून, इथे रोज होती. घरापासून किती जवळ! ताई इतक्या जवळ राहत होती, की तिच्या गॅलरीतून आमच्या इमारतीची टाकी दिसत असेल. शेवटी एका निळ्या दाराशी हवालदार बसला, आणि भुंकला. एकदाच, हलकं. इथे भुंकायचं हे त्याला ठाऊक होतं.

ताईने दार उघडलं ते हसतच, खाली त्याच्याकडे बघत. मग पट्ट्यावरून नजर वर वर आली. केस पार पांढरे झालेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. "ठमे," ती म्हणाली. बास, तेवढंच. हवालदार आम्हा दोघींमधून आत शिरला आणि टेबलाखालच्या खोक्यापाशी जाऊन पडला. खोक्यात एक करडी मांजरी होती, आणि तिच्या खाली तो स्वेटर, एका बाहीचा. मी आत गेले. जायचं नव्हतं, पण पट्टा माझ्या हातात होता. ती पाणी आणायला वळली, मी मागून काहीतरी म्हटलं आणि ती थांबली नाही. पुन्हा म्हटलं तेव्हा उजवा कान माझ्याकडे करून उभी राहिली. डाव्या कानाने तिला नीट ऐकू येत नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. हेही मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कानांचंच काम करते आणि हेसुद्धा मला माहीत नाही. मी तिच्या उजव्या बाजूला गेले. "त्याने शिकवलं होतं ना तुला? फोनवर काय म्हणायचं ते?" "नाही गं," माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "माझंच डोकं होतं ते." मी म्हटलं, "ताई, तू 'निजलीय' म्हणाली असतीस." पाण्याचा पेला तिने टेबलावर ठेवला, तो कलला, तिने सावरला. मी पिशवीतून बाही काढून तिच्यासमोर ठेवली. ती बाहीवरून हात फिरवत राहिली, उलटी करून, सुलटी करून. डोळ्यांना धार लागली तरी कबूल होईना. "घरी जा, ठमे," ती म्हणाली, "पोरगी वाट बघत असेल. संसार आहे तुझा. झालं ते माझ्यावर राहू दे, मला सवय झालीय." मी तशीच बसून राहिले. मला रडायचं होतं आणि मी कोणाच्या अंगावर रडायचं ते ठरत नव्हतं. दोघांनी मिळून मला फसवलं होतं, एकाने स्वतःसाठी आणि दुसरीने माझ्यासाठी, आणि दुसरीचा मला जास्त राग येत होता, कारण तिच्यावर रागावून मी एवढी वर्षं फुकट घालवली होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो डोळ्यांपासून लांब धरून नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. नाव सांगायची गरज नव्हती. तिने फोन उजव्या कानाला लावला. तिच्या फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता, डाव्या-उजव्याची अडचण असलेले लोक ठेवतात तसा, त्यामुळे तो काय विचारतोय ते मला खोलीच्या या टोकाला शब्दन् शब्द ऐकू आलं. "ताई, ती तिथे आलीय का? जरा देता तिला?" ताई माझ्याकडे बघत होती. मी खुर्चीत ताठ बसले होते, डोळे टक्क उघडे. तिने बाही हातात घट्ट धरली आणि दीर्घ श्वास घेतला.

"शूऽ," ती फोनमध्ये म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय तिचा. उद्या बोला."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. माझे कान चांगले आहेत. आला असता तर मला ऐकू आला असता.